विषय: कोथरूडच्या गच्चीवरची फ्री डिश

सर्वांना नमस्कार,

कोथरूडला आई-बाबांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, त्यात डिश काढून पुन्हा बसवली. तेव्हापासून ‘नो सिग्नल’. कारागीर दोनदा येऊन गेला आणि शेवटी म्हणाला, शेजारी रिडेव्हलपमेंटची अकरा मजली इमारत उठलीय, ती आड येते. सह्याद्रीवरच्या बातम्यांशिवाय बाबांची संध्याकाळ जात नाही, आणि मी इथून फोनवर नुसतं “थोडं डावीकडे” म्हणतेय. कुणी हे स्वतः केलंय का?

--------

अगं, इमारतीला दोष देण्याआधी एवढं बघ.

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे निकोबारच्या रेखांशावर. पुण्याहून तो उत्तरेपासून १३२ अंशांवर, जवळजवळ आग्नेयेला आणि क्षितिजापासून ५९ अंश वर. मोबाइलचा कंपास चालेल, फक्त लोखंडी कठड्यापासून दूर उभं राहून बघायचा.

मेख पुढे आहे. घरची डिश ऑफसेट असते; तिचं तोंड जिकडे वाटतं त्याच्या सुमारे २५ अंश वर ती बघत असते. त्यामुळे बरोबर लावलेली डिश पुण्यात ३५ अंशांच्या आसपासच मागे रेललेली दिसते. उपग्रह उंच म्हणून ती आभाळाकडे वळवली, की तो हातचा गेला.

दुसरं, एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नाही, म्हणून पुण्यात एलएनबी साधारण ४५ अंश तिरका फिरवावा लागतो. सरळ ठेवला तर उभ्या आणि आडव्या लहरी एकमेकींत मिसळतात, मग डिश कितीही हलवा.

बॉक्समध्ये फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्ही (उभ्या लहरी), सिम्बॉल रेट २९५०० टाका. ‘स्ट्रेंग्थ’वर विसंबू नका, केबल जोडली की ती दिसतेच. बघायची ती ‘क्वालिटी’. साठ सेंटिमीटर डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, म्हणून केसभर हलवायचं आणि तीन-चार सेकंद थांबायचं. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो.

राहिली इमारत. ती दहा मीटरवर असेल तर डिशपेक्षा साडेसोळा मीटर उंच असल्याशिवाय आड येत नाही. आणि मोजायचीही गरज नाही. येत्या १ ऑक्टोबरला पुण्यात सकाळी १० वाजून ५० मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे असतो. तेव्हा डिशवर पूर्ण ऊन असेल तर वाट मोकळी. सावली असेल तर डिशची जागा बदला. मार्चच्या मध्याला हाच योग सव्वाअकराला येतो.

बाबांना मात्र कठड्याजवळ चढू देऊ नकोस.

--------

काका, मनापासून आभार!

१ तारखेला भाऊ पावणेअकरालाच गच्चीवर जाऊन बसला. डिशवर लख्ख ऊन, इमारतीची सावली पार पलीकडे. एलएनबी अगदी सरळ बसवलेला होता. तो तिरका करून डिश हळूहळू खाली झुकवली तशी क्वालिटी शून्यावरून ३८ आणि मग ७१ वर गेली. खालून आई ओरडली, “आलं, आलं!”

नट आवळण्याआधी भावाने पट्टीवर आणि एलएनबीवर ऑइलपेंटने रेघा मारून ठेवल्यात. पुढच्या वॉटरप्रूफिंगसाठी.