समुद्रातले प्लवक रंगावरून ओळखायचे, की पाणी काढून पाहायचं?

तलावकाठचा मास्तर (गोंदिया जिल्हा): आठवीच्या पोरांना शिकवताना माझं मत पक्कं झालं, म्हणून इथे मांडतो. समुद्रातले वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव, डोळ्यांना दिसत नाहीत, पण उपग्रह त्यांचे गट ओळखतो. हरितद्रव्य सगळ्यांतच असतं. ओळख पटते ती सोबतच्या रंगद्रव्यांवरून. डायटम या प्लवकांच्या गटात तपकिरी फ्युकोझँथिन, निळ्या-हिरव्या शेवाळात फायकोसायनिन. हे दुसरं ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश गिळतं. कोणी काय गिळलं, ते परतणाऱ्या उजेडात उमटतं. नासाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला पेस उपग्रह अतिनीलपासून अवरक्ताच्या उंबरठ्यापर्यंत दर ५ नॅनोमीटरला मोजतो. आता बाटल्या भरत फिरायची गरज उरली नाही.

लोणारकर: नाही पटलं, सर. जून २०२० आठवा. आमचं सरोवर गुलाबी झालं आणि जो तो म्हणाला, ड्युनालिएला शेवाळ आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुना तपासला तर निघाले हॅलोआर्किया. खारट पाण्यातले सूक्ष्मजीव, शेवाळ नव्हेच! रंग पाहून नाव ठेवलं ते चुकलं.

तलावकाठचा मास्तर: तेव्हा लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं हो. ड्युनालिएलात हरितद्रव्य असतं, ते ६७५ नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश शोषतं. हॅलोआर्कियात ते नसतंच. डोळ्याला दोन्ही गुलाबी, वर्णपटात वेगळे.

सूक्ष्मदर्शी (अमरावती): त्याच पाण्यात थोडं दुसरं हिरवं शेवाळ असलं की ती खूणही फसवते. आणि फ्युकोझँथिन एकट्या डायटमचं नाही, हॅप्टोफाइट या प्लवकांच्या दुसऱ्या गटातही सापडतं. शिवाय अंधुक उजेडात तीच पेशी जास्त हरितद्रव्य बनवते, म्हणून रंग गडद झाला म्हणजे प्लवक वाढले असं होत नाही. उपग्रहाची गणितं बसवली तीच मुळी जहाजांवरून पाणी गाळून, रंगद्रव्यं वेगळी काढून. ती बाटली काढून घेतली तर गणित कशावर तपासणार? एक मात्र मान्य करते. पाणी गाळून गाळणीवर उरलेलं अॅसिटोन या द्रावकात भिजवलं तर फायकोसायनिन उतरत नाही, ते पाण्यातच विरघळतं. म्हणजे तिथे आमची नेहमीची पद्धत आंधळी आणि प्रकाश डोळस.

नवेगावचा ढिवर: समुद्र म्या पाह्यला नाही. पण आमच्या तलावावर उन्हाळ्यात हिरवा थर येते. काठाच्या दगडावर तो वाळला की निळा डाग राह्यते, शाई सांडल्यावानी. बाबा म्हणत, निळं दिसलं की तिथं ढोरायले पाणी पाजू नोका.

सूक्ष्मदर्शी: दादा, तेच फायकोसायनिन! पेशी मरून फुटल्या की बाहेर येतं. बाबांचं बरोबर होतं, त्यातल्या काही जाती विषारी असतात.

तलावकाठचा मास्तर: तो दगड धुऊ नका. रविवारी पोरांना घेऊन येतो. सीडीच्या तुकड्याचा वर्णपटदर्शक आमचाच आहे. मत बदललं नाही, पण बाटलीही आणतो.