मदत हवी आहे: पीस कोअर स्वयंसेविकेला आलेली मराठी पत्रे संग्रहाला देण्यापूर्वी

नमस्कार. अमेरिकेत आमच्या शेजारी राहणाऱ्या एक वयोवृद्ध बाई १९६७ ते १९६९ या काळात पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून महाराष्ट्रातील एका खेड्यात कुक्कुटपालन शिकवत होत्या. (स्वयंसेवकांना परदेशी कामासाठी पाठवायला अध्यक्ष केनेडींनी १९६१ साली सुरू केलेल्या या अमेरिकी सरकारी संस्थेचे भारतातील काम १९७६ पर्यंत चालले; जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन विक्रोळीत परिचारिका म्हणून आल्या होत्या, त्याही तिच्याचमार्फत.) घर आवरताना बाईंनी आपली पत्र्याची पेटी माझ्या स्वाधीन केली असून, वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या अभिलेखागारात अशा स्वयंसेवकांच्या कागदपत्रांचा जो संग्रह आहे, त्याला ती द्यावी असे त्यांच्या मनात आहे.

पेटीतल्या कोडाक्रोम स्लाइड (रंगीत फिल्मवरची पारदर्शक छायाचित्रे) अंधारात राहिल्यामुळे त्यांचे रंग अजून ताजे आहेत, आणि अंड्यांच्या हिशेबाची वहीही धड आहे. अडचण आहे ती गावाहून नंतर आलेल्या चाळीसेक पत्रांची. ‘ती. ताईंस शि. सा. न. वि. वि.’ अशी सुरुवात करून एक शाळकरी मुलगी कोणती कोंबडी खुडूक बसली इथपासून घरातल्या कर्जापर्यंत सगळे कळवते. बाईंना तेव्हा मराठी वाचता येत असे, आता अक्षरे लागत नाहीत. मी वाचून दाखवते आणि त्या मध्येच थांबवून त्या घराविषयी सांगू लागतात. ते सांगणे मी ध्वनिमुद्रित करते आहे, कारण त्याच्याविना ही पत्रे म्हणजे नुसते निळे कागद उरतील.

माझ्या समजुतीप्रमाणे पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असला, तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. ती मुलगी आज सत्तरीच्या आसपास असेल. तिला शोधून तिची संमती मिळेपर्यंत पत्रे वाचकांसाठी खुली करू नयेत, अशी अट दानपत्रात घालता येते का? कोणी घातली असल्यास तिचा मजकूर कसा होता? शिवाय कर्जाचा उल्लेख असलेली पत्रे वेगळी काढावीत, असे बाईंच्या मुलाचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण परक्या घराची अब्रू पणाला लावण्याचा अधिकार मलाही नाही.

आणखी एक. काही पत्रांच्या घड्यांवर लावलेला सेलोटेप पिवळा पडून चिकट झाला आहे. तो मी अद्याप सोडवलेला नाही. तसाच ठेवून प्रत्येक पत्रामध्ये आम्लरहित कागद घातला तर चालेल का, हे कागदसंवर्धनाचे काम केलेल्यांनी कृपया सांगावे.