पंधरा-सोळाच्या मुलांना त्यांच्या गोळ्यांचं नाव सांगावं का?

सांजवेळ
नात्यातली मुलगी, अकरावीत. दहावीनंतरच्या सुट्टीत मॅनियाचा (मूड बेसुमार चढण्याचा) मोठा झटका येऊन गेला. निदान बायपोलर (कधी मॅनिया, कधी नैराश्य), मूड स्थिर ठेवणारं लिथियम चालू. घरी तिला सांगितलंय, 'अशक्तपणाची गोळी आहे.' तिची आई स्ट्रिपमधून गोळ्या काढून जुन्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवते.

माझं मत: सोळाव्या वर्षी मुलीला आजाराचं आणि औषधाचं नाव माहीत असलंच पाहिजे. लिथियम गुपचूप देण्यासारखं औषध नव्हे. रिपोर्टात रक्तातल्या लिथियमचा आकडा साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवायचा असतो, १.५ च्या वर गेला की विषबाधेची भीती. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात खेळून अंगातलं पाणी कमी झालं, पाळीत पोट दुखतंय म्हणून मैत्रिणीच्या पर्समधली कॉम्बिफ्लॅम घेतली (त्यातल्या आयबुप्रोफेनने लिथियम रक्तात साठतं), की आकडा वर. कॉलेजात आई काही सोबत नसते. तिथे सांभाळायचं त्या मुलीलाच, आणि तिलाच काही ठाऊक नाही!

घाटमाथा
बाहेरून बोलायला काय जातं? माझा मुलगा सतरा वर्षांचा, हेच औषध. आम्ही सगळं खरं सांगितलं. त्याच रात्री मोबाइलवर दुष्परिणामांची अख्खी यादी वाचून काढली त्याने. वजन, मुरुमं, हात थरथरणं, थायरॉइड. मग गोळी गालात धरायची आणि बेसिनमध्ये थुंकायची. आम्हाला कळलं तेव्हा तो चार-चार रात्री जागा होता. पुन्हा ॲडमिट.

आता गोळी मी हातावर ठेवते, तोंड उघडायला लावून बघते, डबा कुलपात. वर आणखी, एका मित्राला कळलं की अख्ख्या क्लासला कळतं. ज्यांना सांगायचंय त्यांनी अठरानंतर सांगा.

पोपटी छत्री
घाटमाथा, कुलपाला शंभर टक्के अनुमोदन. या वयात मूडचा आजार असलेल्या घरात औषधांचा साठा मुलांच्या हाताशी नकोच, सगळे डॉक्टर हेच सांगतात. पण कुलूप लावणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. तुमच्या मुलाने गोळ्या थुंकल्या त्या नाव कळलं म्हणून, की मुरुमांचं कुणी मनावर घेतलं नाही म्हणून? सतराव्या वर्षी चेहरा म्हणजे सर्वस्व असतं हो.

घाटमाथा
सरकारी ओपीडीत आमचा नंबर लागेपर्यंत डॉक्टरांची जेवायची वेळ झालेली असते. झोप किती, भूक कशी, हीच गोळी चालू ठेवा, पुढचा पेशंट. मुरुमांचं बोलू कधी?

लॅबवाला बंडू
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतो. लिथियमसाठी रक्त रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. निम्मे लोक गोळी घेऊन येतात. मग आकडा फुगलेला दिसतो आणि विनाकारण डोस कमी होण्याची वेळ येते. मी प्रत्येकाला विचारतो, शेवटची गोळी कधी घेतली? ज्या पोरांना माहीत असतं ती फटकन सांगतात, 'काल रात्री साडेनऊला.' ज्यांना माहीत नसतं ती विचारतात, 'काका, ही कसली टेस्ट?' आणि मागून आई डोळ्यांनी खुणावते, सांगू नका. काय करायचं आम्ही?

कडुनिंब
मुळात इतक्या लहान वयात या गोळ्या हव्यातच कशाला? वयात येताना मूड वरखाली होणारच. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएनेच मुलांसाठी अँटिडिप्रेसंटवर (नैराश्यावरच्या गोळ्यांवर) काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. तो वाचा आधी.

आडवाट
वाचलाय. २४ चाचण्या, चार हजारांवर मुलं. आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषधवाल्यांत सुमारे ४ टक्के, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. प्रत्यक्ष आत्महत्या एकही नाही. त्याच वर्षी ४३९ किशोरांवरच्या अमेरिकन अभ्यासात बारा आठवड्यांनी फ्लुऑक्सेटिन हे अँटिडिप्रेसंट आणि सीबीटी थेरपी (विचार-वागण्याच्या सवयी बदलण्याचा बोलून केलेला उपचार) एकत्र दिलेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या औषधाने ६१, नुसत्या थेरपीने ४३, खोट्या गोळीने ३५. तेव्हा इशाऱ्याचा अर्थ 'देऊ नका' असा नाही. सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलताना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, एवढाच. नैराश्य सौम्य असेल तर आधी थेरपी, हे मान्य. पण बायपोलर म्हणजे वयातली चिडचिड नव्हे. तिथे नुसतं अँटिडिप्रेसंट दिलं तर उलट मॅनिया उसळू शकतो.

आणि मूळ मुद्दा. आतून अस्वस्थ वाटतंय, पाय स्थिर राहत नाहीत, नको ते विचार येताहेत, हे सगळ्यात आधी कळतं ते त्या पोराला. व्हिटॅमिन घेतोय असं समजणारा मुलगा हे कुणाला आणि का सांगेल?

कलमबहाद्दर
कायद्याचं थोडं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अठराखालच्या मुलांच्या वतीने पालकच निर्णय घेतात, म्हणजे घाटमाथांचा अधिकार पक्का. पण त्याच कायद्यात आजार कोणता, उपचार काय, दुष्परिणाम काय, हे रुग्णाला त्याच्या भाषेत कळण्याचा हक्कही आहे.

घाटमाथा
कायदा काही रोज रात्री माझ्या मुलाचं तोंड उघडून बघायला येत नाही.

सांजवेळ
तेही खरंच. पण मुलींच्या बाबतीत आणखी एक. आमच्याकडे पुढे व्हॅल्प्रोएट (मूड स्थिर ठेवणारं दुसरं औषध) द्यायची चर्चा आहे. गरोदरपणात ते बाळाला फार घातक. ब्रिटनमध्ये २०१८ पासून गर्भधारणा टाळण्याची पक्की सोय असल्याशिवाय मुली-बायकांना ते देत नाहीत. इथे गोळीचं नाव मुलीपासून लपवायचं, पुढे सासरपासून लपवायचं, मग हे तिला सांगणार कोण?

घाटमाथा, ओपीडीत बोलायला वेळ मिळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. डोस ते बदलणार नाहीत, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते तरी ठरवता येईल.

घाटमाथा
मुरुमांचं यावेळी लिहूनच नेते, त्यालाच विचारायला लावते. कुलूप मात्र राहणार. बंडूभाऊ, सकाळी रक्त द्यायचं तर चहा चालतो का? उपाशी आणलं की हा रस्ताभर भांडतो.

लॅबवाला बंडू
सोबत शुगरची टेस्ट नसेल तर चहा चालतो, बिस्किटं पण. गोळी तेवढी रक्त दिल्यावर.