मदत हवी आहे: तपकिरी कांडेचोर वेगळी जात धरायची का?

सत्तरीकर_७
पंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीचं (गावातले प्राणी, झाडं नोंदवायची वही) काम माझ्या गळ्यात पडलंय. कांडेचोराची (उदमांजराची) ओळ लिहून झाली. आता समितीतले गुरुजी म्हणतात, आपल्याकडचा तपकिरी आहे, ती वेगळी जात, वेगळी ओळ घाला. दुसरे म्हणतात, रंगावरून जात ठरवायची तर गावठी कोंबड्यांच्याही चार ओळी करा. फोटोत पट्टे नाहीत. एक ओळ की दोन? सोमवारी वही द्यायची आहे, थेट सांगा.

रानवाट
फोटो कुठाय? दिवसाचा की रात्रीचा? गाव रानाला लागून आहे का?

सत्तरीकर_७
फोटो चढत नाहीये. कुळागरातला (पोफळी-माडांच्या बागेतला) आहे. पण प्रश्न जातीचा आहे, फोटोचा नाही!

चोर्लाघाट
जातीचं उत्तर सोपं आहे, ती वेगळीच. ब्लॅनफर्ड या निसर्ग अभ्यासकाने १८८५ मध्ये जर्डन या दुसऱ्या अभ्यासकाच्या नावाने नोंदवली. पश्चिम घाटाबाहेर मिळत नाही. २०१० च्या जनुकीय अभ्यासातही वेगळी निघाली, आणि सगळ्यात जवळचं नातं श्रीलंकेतल्या सोनेरी कांडेचोराशी. पण गोव्यात साधा कांडेचोरही आहे, म्हणून फोटो हवा. साध्याच्या पाठीवर तुटक पट्टे, तोंडावर मुखवटा. तपकिरीला दोन्ही नाही. डोकं, खांदे, पाय, शेपूट गडद. पक्की खूण मानेवर: केस उलटे, खांद्याकडून डोक्याकडे वळलेले.

माडवाला
पोटमाळ्यावर येत असेल तर कौलांच्या फटी बुजवा आणि माडाच्या खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळा. आमच्याकडे रेंदेराच्या (माडी काढणाऱ्याच्या) मडक्यातली सूर, म्हणजे माडी, पिऊन जायचा, पत्र्यानंतर बंद.

रानवाट
काका, कोणी हाकलायचं विचारलंय का?

काथ्याकूट
"उत्तर सोपं आहे" म्हणे! २००९ मध्ये श्रीलंकेतल्या त्याच सोनेरीचे तुकडे पाडून वेगवेगळ्या जाती केल्या, २०१५ च्या जनुकीय कामात ते टिकले नाहीत. त्याच कामात साध्या कांडेचोराच्या मात्र तीन जाती सुचवल्या. म्हणजे ज्याला आपण 'साधा' म्हणतोय त्याचंच घर फुटलं. दर दहा वर्षांनी नावं बदलणार, पंचायतीने वह्या किती वेळा छापायच्या?

चोर्लाघाट
तीन झाल्या तरी भारतातला साधा 'हर्माफ्रोडायटस' या जुन्या शास्त्रीय नावानेच राहतो, बाकीच्या दोन आग्नेय आशियातल्या. गोव्याच्या वहीला फरक शून्य. उगाच घाबरवू नका.

काथ्याकूट
घाबरवत नाही, डोळे झाकून लिहू नका एवढंच सांगतोय.

देवराई
खरा घोळ पाहायचा तर मलबारी जवादी मांजर बघा. ब्लाइथने १८६२ मध्ये नाव दिलं, आज अतिसंकटग्रस्त यादीत. आणि काही अभ्यासकांना शंका की ही वेगळी जातच नाही, जवादीच्या कस्तुरीसाठी बाहेरून आणलेल्या जनावरांवरून गैरसमज झाला असावा. कोणी सांगितलं तर पुराव्याशिवाय वहीत घालू नका. बाकी कांडेचोराचा वास बासमतीसारखा येतो, कोणी अनुभवलंय का?

माडवाला
वास येतो. आमची आई म्हणायची शेजारी भात शिजतोय.

रानवाट
सत्तरीकर, तो तपकिरी रंग तुम्ही फोटोत पाहिलात ना?

सत्तरीकर_७
फोटो काळा-पांढरा आहे. माकडांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यातला, रात्रीचा, वर पाऊस. तपकिरी असं कुळागर सांभाळणारे काका सांगतात, ते रोज बघतात.

चोर्लाघाट
अहो मग!! अंधारातल्या कॅमेऱ्यात रंग येत नाही, ओल्या केसांत पट्टे नीट दिसत नाहीत. तोंड तरी दिसतंय का?

सत्तरीकर_७
शेपूट दिसतंय. टोक पांढुरकं आहे.

चोर्लाघाट
तेवढ्यावर ठरत नाही, दोन्हींत कधीकधी असतं.

रानवाट
एकच ओळ ठेवा: 'कांडेचोर, जात अनिश्चित, कुळागर, रात्रीचा फोटो'. तारीख घाला. काकांचं म्हणणं शेऱ्यात त्यांच्या नावाने लिहा, ते रोज बघणारे आहेत. कॅमेरा फळलेल्या झाडासमोर हलवा. पिंजरा मात्र लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.

सत्तरीकर_७
अनिश्चित लिहिलं तर गुरुजी ऐकणार नाहीत.

काथ्याकूट
मग गुरुजींना मान बघून यायला सांगा.

माडवाला
पत्रा तीन फुटांचा तरी हवा.