गावाने साथीसाठी काय तयार ठेवावं? नंदुरबारमध्ये नेमकं काय झालं होतं?

उपसरपंच_केळापूर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातल्या एका पेसा (आदिवासी भागाच्या स्वशासनाचा कायदा) गावची उपसरपंच. यंदाच्या आराखड्यात आरोग्यासाठी थोडे पैसे बाजूला काढायचे, असं ग्रामसभेत ठरलंय. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्याकडे जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, यावर गावात दुमत नाही. माझे सासरे त्याच महिन्यात गेले. ताप होता, पण चालते-बोलते होते. दम लागला तेव्हा गाडी शोधण्यात अर्धा दिवस गेला आणि मग बेड शोधण्यात रात्र.

तरुण पोरांचं म्हणणं आहे की नंदुरबारने आधीच ऑक्सिजन प्लान्ट बसवला म्हणून तो जिल्हा वाचला, तर आपणही दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारी छोटी यंत्रं) घेऊ. म्हाताऱ्यांना ते पटत नाही. गावात दिवसातून सहा-सात तास लाइट नसते. आमचे बरेच लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, ते परतताना काय करायचं हाही प्रश्न आहेच. नंदुरबार, धुळ्याकडचं कुणी इथे असेल तर सांगा. तिकडे खरंच काय केलं होतं? आणि त्यातलं एका गावाच्या आवाक्यातलं काय आहे?

धुळ्याचा_बायोमेडिकल

ताई, यंत्रांपुरतं मी सांगू शकतो. बाकीचं दुसरं कुणी सांगेल.

नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात पहिला प्लान्ट सप्टेंबर २०२० मध्ये लागला. क्षमता मिनिटाला ६०० लिटर. म्हणजे दिवसाला साधारण १२० जम्बो सिलिंडरचा ऑक्सिजन तिथल्या तिथे, हवेतून. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस. पहिली लाट ओसरत होती, लोक सुटकेचा श्वास घेत होते, आणि त्याच वेळी त्यांनी नियोजन समितीचा आणि इतर निधी या कामाला लावला. एका प्लान्टला सुमारे ८५ लाख लागले. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली तोवर आणखी प्लान्ट उभे होते. जिल्ह्यात एका दिवसात १२०० पर्यंत नवे रुग्ण निघाले, तरी ऑक्सिजनसाठी टँकरची वाट बघत बसावं लागलं नाही. त्याच दिवसांत नाशिकला एका रुग्णालयात टाकीची गळती होऊन २० हून जास्त माणसं गेली. त्यामुळे आम्हा सगळ्यांचे डोळे प्रेशरच्या काट्यावर खिळलेले असायचे.

तुमच्या कॉन्सन्ट्रेटरबद्दल. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट खातं, दहा लिटरचं त्याच्या दुपटीच्या आसपास. सहा-सात तास लाइट नसेल तर इन्व्हर्टर आणि बॅटरीचाच खर्च यंत्राएवढा होईल. आत झिओलाइट असतं, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं. त्याला ओल लागली की संपलं. यंत्र वर्षभर खोक्यात ठेवलं तर ऐन वेळी ते हवा सोडेल, पण त्या हवेत ऑक्सिजन किती असेल ते विचारू नका. मोठ्या प्लान्टचंही तेच. २०२१ नंतर देशभर शेकड्याने बसले, त्यातले कितीतरी देखभालीविना पडून राहिले. दर आठवड्याला अर्धा तास चालवणारा माणूस ठरला असेल तरच घ्या.

सिस्टर_अक्राणी

ताई, सासऱ्यांचं वाचून जीव कळवळला. चालते-बोलते होते आणि मग एकदम, असं तुम्ही लिहिलंय ना, आमच्याकडची बरीच माणसं अशीच गेली असती. त्यावरच लिहिते.

मी नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात आरोग्य सेविका होते. आता निवृत्त आहे. दादांनी प्लान्टचं लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं. आमचा पेशंट नंदुरबारला पोचला की त्याला ऑक्सिजन मिळणार, हा भरवसा त्या वर्षी आमच्यामागे होता. तो नसता तर आम्ही पाड्यावर जाऊन कोणत्या तोंडाने 'चला' म्हणालो असतो? रेल्वेने स्टेशनात विलगीकरणाचे डबे लावले होते. दवाखान्यात ऑक्सिजन नर्स होत्या. त्यांचं काम एकच, पेशंटच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा आणि लागेल तेवढाच फ्लो ठेवायचा. पन्नास पेशंटमागे एक बाई. त्याने ऑक्सिजन वाया जाईना. पुढे सरकारने हे सगळ्या राज्यात करायला सांगितलं.

पण पेपरात फोटो आला प्लान्टचा. धडगावचा माणूस चांदसैलीचा घाट उतरून त्या प्लान्टपर्यंत पोचला कसा, ते कुणी फारसं लिहिलं नाही.

आमच्याकडे गाव म्हणजे टेकड्यांवर विखुरलेले पाडे. कित्येक पाड्यांना गाडी जात नाही, बांबूच्या झोळीत घालून माणूस खाली आणायचा. नर्मदेकाठच्या गावांना बोटीशिवाय वाट नाही. चिमलखेडीकडच्या अंगणवाडीताईंनी तर स्वतः वल्हं मारत जाऊन पोरांना आणि गरोदर बायांना आहार पोचवला. त्यात मार्च-एप्रिल म्हणजे मोह वेचायचे दिवस. पहाटे अख्खं घर झाडाखाली. आपण दहा वाजता रजिस्टर घेऊन गेलो तर दाराला कडी. म्हणून आशाताई आणि मी सरळ मोहाच्या झाडांखाली जायचो. लोक फुलं वेचत, आम्ही एकेकाचं बोट धरत.

एक माणूस सांगते. गुजरातेत ऊसतोड करून आलेला, तिशीतला गडी. टोपली भरत होता, आमच्याशी हसून बोलत होता, 'नुसता थकवा आहे' म्हणाला. ऑक्सिमीटरने दाखवलं ८४. पहाटेचा गारठा, बोटं गार आणि मातीने माखलेली, अशा बोटावर यंत्र चुकीचं दाखवू शकतं. त्याचे हात धुवायला लावले, चोळून गरम केले, दुसऱ्या हाताला लावलं. पुन्हा ८४. ताप फक्त ९९. त्याच्याकडे बघून कुणी आजारी म्हटलं नसतं.

घरच्यांना तो बडव्याकडे, म्हणजे आमच्या भगताकडे, न्यायचा होता. मी नाही म्हटलं नाही. मी त्यांच्यातलीच, पावरा आदिवासी. म्हटलं, पूजा करा, पण जीप येईपर्यंत करा. बडव्यालाही म्हटलं, काका, तुम्ही सोबत चला, तुम्ही असलात तर तो घाबरणार नाही. ते चढले जीपमध्ये. घरच्यांना खरी धास्ती वेगळीच होती: 'दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, मढंसुद्धा दाखवत नाहीत.' म्हणून मी त्याच्या भावाचा नंबर घेतला आणि वॉर्डातल्या सिस्टरला विनंती केली की रोज संध्याकाळी त्याला फोनवर दोन शब्द बोलू द्या. बोलू दिलं त्यांनी. तो बरा होऊन आला आणि त्या पाड्यावरून पुढचे पेशंट आणायला मला एकदाही भांडावं लागलं नाही.

कुणी मला विचारलं नंदुरबारने काय केलं, तर मी हे सांगते. ९४ च्या खाली गेलेला माणूस घरात सापडला पाहिजे, आणि सापडला की त्याच दिवशी हलला पाहिजे. ७० पर्यंत उतरल्यावर पोचला तर कलेक्टर साहेबांचा प्लान्ट तरी काय करणार?

आता तुमच्या गावाबद्दल माझं मत. कॉन्सन्ट्रेटरच्या पैशात आधी ऑक्सिमीटर घ्या, प्रत्येक वस्तीला एक तरी, सोबत सेलची पाकिटं. सेल यंत्रात ठेवून देऊ नका, पाझरतात. ताप मापायला बंदुकीपेक्षा साधा काखेतला थर्मामीटर बरा. उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर बंदूक खोटं बोलते. सहा मिनिटं चालवून पुन्हा ऑक्सिजन बघायचा, हे गावातल्या चार-पाच जणांना तरी शिकवून ठेवा. बसल्या जागी ९६ आणि चालल्यावर ९२, म्हणजे माणूस धोक्यात आहे.

गाडीचं सर्वात आधी ठरवा. गावात कुणाकडे जीप किंवा पिकअप आहे, रात्री कोण निघेल, डिझेलचे पैसे कोण देईल. १०८ ला फोन कराच, पण ती गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन यवतमाळला गेलेली असू शकते. तुमचा अर्धा दिवस तिथेच गेला होता ना?

लसीचंही सांगते, कारण ती वेळ पुन्हा कधीही येईल. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस, उघडली की चार तासांत संपवायची. पाड्यावर सहाच माणसं जमली तर बाटली उघडायची की नाही, हा प्रश्न रोजचा. आम्ही आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलाकडून नावं पक्की करून घ्यायचो. रेंज नाही म्हणून नोंद कागदावर आणि रात्री टेकडीवर जाऊन मोबाइलवर. टोचलं की माणूस मरतो, ही अफवा तर घरोघर. वरून आलेली पोस्टरं छापील मराठीत, ती आमच्या म्हाताऱ्यांना कळेनात. पावरीत समजावलं, माझ्या आईला सगळ्यांसमोर टोचलं, दुसऱ्या दिवशी ती शेतात काम करताना लोकांनी पाहिली, तेव्हा कुठे रांग लागली. तुमच्याकडे कोलाम आणि गोंड वस्त्या असतील. त्यांच्या बोलीत बोलणारी बाई आजच शोधून ठेवा.

आणि आशाताईचे पैसे. त्या वर्षी घरोघर फिरून पहिला धोका तिने पत्करला. १५ जून २०२१ ला राज्यभरातल्या आशांना संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे महिना हजार रुपये वाढ आणि पाचशे कोविड भत्ता मान्य झाला. मला याचा आजही राग येतो. जिच्या बोटावर अख्ख्या जिल्ह्याचं काम उभं होतं, तिला रेनकोट आणि बूट स्वतःच्या पैशाने घ्यावे लागले.

नगरकर_मास्तर

सिस्टर, तुमचं पोरांना वाचून दाखवणार आहे.

ताई, आमच्या शेजारचं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांनी दुसऱ्या लाटेत गावातल्याच लोकांची चार पथकं केली. एक घरोघर ताप आणि ऑक्सिजन बघणारं, एक तपासणी आणि विलगीकरणाचं, एक गाड्यांचं, असं. मार्च-एप्रिलमध्ये ४७ जण बाधित झाले होते, मेच्या मध्यापर्यंत गाव मोकळं झालं. पुढे जूनमध्ये सरकारने 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा काढली, त्यातही पथकांवरच भर होता.

मी शिक्षक आहे, शाळेत विलगीकरण होतं तेव्हा रात्रपाळीला असायचो. एक गोष्ट सांगतो. लोक शाळेत राहायला तयार नव्हते त्याचं कारण आजाराची भीती कमी आणि घरची जनावरं जास्त. 'माझ्या शेळ्यांना पाला कोण टाकणार, गाईची धार कोण काढणार?' भावकीतल्या कुणाकडे तरी जनावरं लावून दिली की माणूस मुकाट येऊन झोपायचा. आणि संडासात पाणी पाहिजे. बायका केवळ त्या कारणाने पहिल्याच रात्री घरी निघून गेल्या होत्या.

उपसरपंच_केळापूर

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून ग्रामपंचायतीत लावणार आहे.

शाळेच्या संडासाला नळ नाही, ते या वर्षीच करतो. कॉन्सन्ट्रेटरबद्दल पोरांना बायोमेडिकल दादांचं दाखवलं. ती म्हणाली, उपकेंद्राला सोलर बसेल तेव्हा एक घेऊ, आत्ता नको. दोन गोष्टी विचारते. ऑक्सिमीटर आशाताईकडेच ठेवायचे का? आणि तेलंगणातून येणाऱ्यांचं काय करू? २०२० ला ते रात्री चालत आले, शेतात लपून राहिले. गावाने काठ्या घेऊन वेस अडवली होती.

सिस्टर_अक्राणी

ऑक्सिमीटर सगळे आशाताईकडे नको. ती एकटी, आणि तीच आजारी पडली तर? एक तिच्याकडे, एक अंगणवाडीत, बाकी प्रत्येक वस्तीवर बचत गटाच्या ज्या बाईला वाचता येतं तिच्याकडे. महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीला सगळे एकत्र आणायचे आणि सर्वांनी एकाच माणसाच्या बोटाला लावून बघायचे. एखादं वेगळं आकडे दाखवत असेल तर लगेच कळतं.

वेस अडवू नका, ताई. आमच्याकडेही सुरुवातीला काही गावांनी अडवली. माणसं थांबली नाहीत, फक्त जंगलाच्या वाटेने आली आणि आम्हाला दिसेनाशी झाली. सुरतेहून, बारडोलीहून कोण कधी निघालं हे आम्हाला मुकादमाच्या फोनवरून कळायचं. टोळी निघाली की तो सांगायचा, आम्ही गावाबाहेरच्या आश्रमशाळेत जेवण तयार ठेवायचो. भाकर आणि डाळ तयार आहे म्हटल्यावर लोक आपणहून तिथे थांबतात. एवढी वाट तुडवून आलेल्या माणसाला आधी जेवण लागतं, नियम मग सांगायचे.

तेव्हा मिरचीला टोळ्या निघायच्या आत मुकादमांचे नंबर, कोणत्या घरातली किती माणसं कुठे चाललीत आणि कुणाच्या पोटात बाळ आहे, एवढं वहीत लिहून घ्या. आणि ग्रामसभेच्या ठरावात आशाताईच्या जादा कामाचा मोबदला किती आणि कोणत्या तारखेला, ते आकड्यात लिहा.