सल्ला हवा: सागरी कोळी (पिक्नोगोनिडा) ओळखायचे कसे, आणि त्यांच्या वितरणाच्या नकाशावर कितपत विसंबायचं?

ओहोटी_रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

मी एमएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेसाठी विषय घेतलाय: उत्तर हिंदी महासागरातल्या सागरी कोळ्यांचं (कोळ्यासारखे दिसणारे लांब पायांचे समुद्री संधिपाद प्राणी) वर्गीकरण आणि वितरण. आमच्या सरांचं सगळं काम मासळीवरचं आहे. या प्राण्यांवर विभागात आजवर कुणी काम केलेलं नाही, त्यामुळे विचारायला जवळ कुणी नाही.

ओबिसवरून (OBIS, सागरी जीव कुठे सापडले त्याच्या नोंदींचा जागतिक विदासंच) नोंदी उतरवून नकाशा काढला. अंटार्क्टिका आणि युरोपच्या किनाऱ्यांवर ठिपक्यांची दाटी, अरबी समुद्रात मात्र तुरळक. याचा अर्थ आपल्याकडे हे प्राणी कमी आहेत असा घ्यायचा का? की हा निष्कर्ष घाईचा होईल?

दुसरं, जेटीच्या जुन्या दोरावर हायड्रॉइडचे (झुडपासारखे वाढणारे बारीक समुद्री प्राणी) झुबके होते, त्यात मला एक सागरी कोळी मिळालाय. अंग जेमतेम दोन मिलिमीटर, पाय लांब आणि बारीक. सोंडेच्या वर दोन चिमटे दिसतात. पॅल्प (तोंडाजवळची स्पर्शांगं) नाहीत, अंडी वाहणारे पायही नाहीत. हा कोणत्या कुळातला? ओळखीची कोणती किल्ली (लक्षणांवरून नावापर्यंत नेणारा तक्ता) वापरू? आणि नमुने ठेवायचे कशात?

दर्यावेडा

नावांसाठी पहिला थांबा वर्म्स (WoRMS), म्हणजे सागरी प्रजातींच्या नावांची जागतिक नोंदवही. सागरी कोळ्यांची जागतिक यादी त्याचाच भाग आहे, मान्य नाव कोणतं आणि जुनं समानार्थी कोणतं ते तिथे कळतं. आजवर साधारण १३०० ते १४०० प्रजाती वर्णिलेल्या आहेत. ओबिसवरची यादी वर्म्सच्या नाव-जुळणीतून एकदा काढून घ्या, मगच मोजणीला बसा. नाहीतर एकच प्राणी दोन नावांनी दोनदा मोजला जाईल.

पाणभिंग

ओहोटी, छान विषय निवडलात. मी गेली बरीच वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली हेच प्राणी पाहते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात कुळांपासून करा, प्रजातीच्या मागे लगेच लागू नका. कुळ ठरवायला तीन अवयव पुरतात: तोंडाजवळचे चिमटे म्हणजे कीलिफोर, त्यानंतरचे पॅल्प, आणि अंडी वाहणारे ओव्हिजर. कोणते आहेत, कोणते नाहीत, आणि ओव्हिजर फक्त नराला आहेत की मादीलाही, एवढं नीट पाहिलं की निम्मं काम झालं. निम्फोनिडीत तिन्ही असतात. कोलोसेंडिइडीत प्रौढाला चिमटे नसतात (डेकोलोपोडासारखे अपवाद सोडले तर), पॅल्प मात्र लांबलचक. एंडिइडी आणि पिक्नोगोनिडीत चिमटेही नाहीत, पॅल्पही नाहीत. यातल्या एंडिसचे पाय सडपातळ आणि पिक्नोगोनमचे आखूड, जाडजूड, त्यामुळे ही दोन एकमेकांत मिसळत नाहीत.

आता तुमचा प्राणी. चिमटे आहेत, पॅल्प नाहीत. इथे दोन कुळं समोर येतात, कॅलिपॅलेनिडी आणि फॉक्सिकिलिडिइडी. पहिल्यात ओव्हिजर नर-मादी दोघांनाही असतात आणि दहा खंडांचे असतात. दुसऱ्यात फक्त नराला. तुमच्या प्राण्याला ते मुळीच नाहीत, म्हणजे तो फॉक्सिकिलिडिइडीतली मादी असू शकतो. किंवा कुठल्याही कुळातलं अपुरं वाढलेलं पिल्लू. म्हणून आधी तो प्रौढ आहे का ते ठरवा. पायाच्या बुडाचे तीन खंड म्हणजे कॉक्सा, त्यांच्यानंतर येणारा खंड म्हणजे फीमर, तो बघा. मादी पक्व असेल तर फीमर फुगीर असतो आणि आतली अंडी बाहेरून दिसतात, कारण या प्राण्यांच्या जननग्रंथी पायांत शिरलेल्या असतात. आतड्याच्या शाखाही पायांतच. धडात एवढं सगळं मावायला जागाच नाही! जननछिद्रं दुसऱ्या कॉक्सावर, खालच्या बाजूला.

पिल्लांबद्दल मी मुद्दाम बजावते आहे. अमोथिइडी कुळात पिल्लांना नीट मिटणारे चिमटे असतात आणि प्रौढ होताना ते झिजून नुसते खुंट उरतात. एकाच प्रजातीचं पिल्लू आणि प्रौढ वेगवेगळ्या नावांनी नोंदले गेल्याची उदाहरणं जुन्या साहित्यात आहेत. एका मादीवर किंवा एका पिल्लावर प्रजातीचं नाव लिहू नका. त्याच झुबक्यात नर शोधा.

शोधायची रीत: झुबका कापून पांढऱ्या तबकात समुद्राच्या पाण्यात ठेवा आणि थांबा. हे अतिशय संथ चालतात. स्थिर पाण्यात थोड्या वेळाने एखादा पाय हलताना दिसतो. उरलेला झुबका गोड्या पाण्यात खळबळून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढा, चिकटून बसलेले त्यात येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांब जाते तेव्हा खडपाच्या खालच्या अंगाला, कातळाच्या सावलीतल्या भेगांत बघा. पावसाळ्यात खडपावर जाऊ नका.

जनुककोश

इतकं खंड मोजत बसण्यापेक्षा सीओआय बारकोड काढा, म्हणजे एका ठरावीक जनुकाचा डीएनए क्रम कोशातल्या क्रमांशी जुळवून प्रजाती ओळखा. एक पाय पुरतो, निकाल स्पष्ट असतो.

पाणभिंग

जनुककोश, बारकोड काढावाच, त्याला माझा विरोध नाही. पण तो जुळवणार कशाशी? कोशात ज्या प्रजातीचा क्रम नाही तिचं नाव बारकोड सांगू शकत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या सागरी कोळ्यांचे क्रम फारच थोडे आहेत. जो क्रम आहे तोही कुणीतरी रूप पाहून दिलेल्या नावावरच उभा असतो. एक पाय डीएनएला द्यावा आणि बाकीचा प्राणी त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीसह जपून ठेवावा, म्हणजे उद्या शंका आली तर परत उघडून पाहता येतं.

अक्षांश१७

नकाशाच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण माझं काम सागरी नोंदींच्या विदेचंच आहे.

ओबिसवरचा ठिपका एवढंच सांगतो की तिथे कुणीतरी गेलं, नमुना घेतला आणि त्याला नाव दिलं. या तिन्हींपैकी एक जरी घडलं नसेल तर तिथे कोरी जागा दिसते. हिंदी महासागराचा इतिहास पाहिलात तर हे लगेच पटेल. मन्नारच्या आखातातल्या मोत्यांच्या शिंपल्यांची पाहणी करायला प्राणिशास्त्रज्ञ हर्डमन सिलोनला आले होते, त्यांच्या संग्रहातले सागरी कोळी कार्पेंटर या अभ्यासकाने १९०४ मध्ये वर्णिले. पुढे कॅलमन या प्राणिशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या संग्रहावर लिहिलं. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ जहाजावरून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात फिरली, त्या नमुन्यांवरही कॅलमननेच १९३८ मध्ये लिहिलं. मोत्यांचा सरकारी हिशेब, एक संग्रहालय, एक जहाज. ठिपके त्यांच्याच वाटांनी पडले आहेत. कोकणच्या कोऱ्या जागेवरून ‘इथे नाहीत’ असं मुळीच लिहू नका.

अंटार्क्टिकाची गोष्ट याच्या उलट नाही, पण वेगळी आहे. तिथे खरोखरच विविधता मोठी आहे, जगातल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या प्रजाती दक्षिण महासागरात नोंदल्या गेल्यात. आकारही मोठे. कोलोसेंडिसच्या काही प्रजातींचा पायांसकट विस्तार अर्ध्या मीटरच्या पुढे जातो. दहा पायांचे, क्वचित बारा पायांचे सागरी कोळीही तिथे आहेत. पण तिथेसुद्धा ठिपक्यांची दाटी संशोधन तळांभोवती आणि जहाजांच्या नेहमीच्या मार्गांवर आहे.

आणि नावं बरोबर असली तरी नकाशा फसवू शकतो. *कोलोसेंडिस मेगॅलॉनिक्स* घ्या. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या एकोणिसाव्या शतकातल्या सागरी मोहिमेच्या नमुन्यांवरून हूक (Hoek) या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये वर्णिलेली प्रजाती. सबंध अंटार्क्टिकाभोवती पसरलेला एकच प्राणी असं कित्येक दशकं मानलं गेलं. २०१० पासूनच्या डीएनए अभ्यासांत त्या एका नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा निघाल्या, त्यांतल्या काहींचा पसारा बराच लहान. म्हणजे ‘सर्वत्र आढळते’ असं वाचलं की आधी विचारायचं, सर्वत्र एकच आहे का?

यामागे जीवशास्त्रीय कारणही आहे. बहुतेक सागरी कोळ्यांत अंड्यांचे गोळे नर स्वतःच्या ओव्हिजरवर बाळगतो, आणि बाहेर पडलेली प्रोटोनिम्फॉन अळी सहसा हायड्रॉइडसारख्या यजमानावरच वाढते. महिनोन्‌महिने प्रवाहाबरोबर वाहत जाणारी अळी यांना नाही. मग दूरवर पोचतात कसे? यजमानासकट. तरंगणारं शेवाळ, लाकूड, आणि गेल्या शतकभरात जहाजांचे तळ. *अमोथिया हिल्गेनडॉर्फी* ही जपानातून वर्णिलेली प्रजाती व्हेनिसच्या खाजणात आणि दक्षिण इंग्लंडच्या बंदरी पाण्यात सापडली. *पिग्रोग्रोमिटस टिमसानस* हे नाव सुएझ कालव्यातल्या टिमसाह सरोवरावरून पडलं. कॅलमनने ती १९२७ मध्ये तिथून वर्णिली आणि आज ती उष्ण कटिबंधात अनेक ठिकाणी माहीत आहे. सुएझ ही तिची मूळ भूमी की वाटेतला मुक्काम, हे नुसत्या पहिल्या नोंदीवरून ठरत नाही. ओहोटी, तुमचा नमुना जेटीच्या दोरावरचा आहे, तेव्हा हे ध्यानात असू द्या. तिथे बाहेरच्या बोटी लागतात का तेही टिपून ठेवा.

कामाचं सांगायचं तर ‘आर’ या संगणकभाषेत रोबिस (robis) आणि वर्म्स (worrms) ही दोन पॅकेज वापरा. जमिनीवर पडलेले ठिपके काढा, खोली नसलेल्या नोंदी वेगळ्या ठेवा, ओबिस आणि जीबिफ (GBIF, सगळ्या जीवांच्या नोंदींचा जागतिक विदासंच) यांमधल्या दुहेरी नोंदी गाळा. प्रजातींच्या नकाशाशेजारी त्याच चौकटींत एकूण किती नोंदी झाल्या त्याचा दुसरा नकाशा छापा. दोन्ही शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला दाटी कशाची आहे ते कळतं. ज्या चौकटीत नोंदी फार थोड्या, तिथे प्रजातींची संख्या लिहूच नका.

मालवणी_पाणबुड्या

एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. सागरी कोळी ज्यांवर बसतात त्यातले काही यजमान कायद्याने संरक्षित आहेत. प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्यात येतात, त्यांचा तुकडाही तोडायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे परवानगीशिवाय काही उचलता येत नाही. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे आधीच अर्ज करा, उत्तर यायला वेळ लागतो. तोवर टाकून दिलेले दोर, जुने बोये, होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्या तळाची खरवड एवढ्यावर भरपूर काम होतं. होडीवाल्यांना आधी विचारा, मुलांना शिकायचंय म्हटलं की तेच बोलावून दाखवतात.

ओहोटी_रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणभिंग ताई, तुम्ही सांगितलं तसं तोच झुबका तबकात ठेवला. आणखी काही प्राणी मिळाले. पहिल्याच्या फीमरमध्ये अंडी दिसतात, म्हणजे ती मादीच. दुसऱ्या एकाला ओव्हिजर आहेत आणि त्यावर पांढरे गोळे आहेत. ओव्हिजरचे खंड परत परत मोजले, सहा भरतात. फीमरच्या वरच्या बाजूला एक बारीक नळीसारखं काहीतरी वर आलंय. हे काय असेल?

आणि अक्षांश दादा, तुमचं वाचल्यावर सबंध उत्तर हिंदी महासागर घ्यावा का असाच प्रश्न पडलाय.

पाणभिंग

वा! सहा खंडांचे ओव्हिजर, तेही फक्त नराला, चिमटे आहेत आणि पॅल्प नाहीत: हा अॅनोप्लोडॅक्टिलस. फॉक्सिकिलिडियम असता तर पाच भरले असते. वंशापर्यंत (जीनस) तुम्ही स्वतः पोचलात.

ती नळी म्हणजे सिमेंट ग्रंथीचं तोंड. तिच्यातल्या चिकट स्रावाने नर अंडी एकमेकांना चिकटवून ओव्हिजरवर बसवतो. तुमच्यासाठी ती अतिशय मोलाची, कारण या वंशात शंभराहून जास्त प्रजाती आहेत आणि त्या वेगळ्या करताना ही तोंडं किती, फीमरवर कुठे, नळीसारखी की नुसती छिद्रं, हेच पाहिलं जातं. शिवाय पायाच्या शेवटच्या प्रोपोडस या खंडाच्या टाचेवरचे काटे, तळव्यावरची धारेची पट्टी आणि सोंडेचा आकार. मादीला सिमेंट ग्रंथी नसते, म्हणून तर नर शोधा म्हटलं.

तिसरा पाय अलगद सुटा करून ग्लिसरिनमध्ये काचपट्टीवर घ्या आणि चित्र हाताने काढा. फोटोही घ्या, पण चित्र काढताना जे दिसतं ते फोटोत निसटतं. जपणुकीला ९५ टक्के एथेनॉल, काही दिवसांनी एकदा बदलायचं. फॉर्मलिन नको, त्यात ठेवल्यावर डीएनए मिळणं कठीण होतं. तीव्र एथेनॉलमध्ये पाय ठिसूळ होतात, तेव्हा प्रत्येक प्राणी वेगळ्या छोट्या कुपीत. सुटलेला पाय कुणाचा हे नंतर कळायला मार्ग नसतो.

अक्षांश१७

व्याप्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कमी करा. छापील नोंदींचं संकलन उत्तर हिंदी महासागराचं ठेवा, ते ग्रंथालयात बसून होतं. प्रत्यक्ष संग्रह फक्त रत्नागिरीच्या आसपासच्या जेट्या आणि खडपांचा. ज्या झुबक्यात काहीच मिळालं नाही त्याचीही तारीख, जागा, यजमान आणि किती वेळ शोधलं ते लिहा. जुन्या अहवालांत नेमकी हीच माहिती नसते, आणि म्हणूनच त्यांच्या कोऱ्या जागांचा अर्थ लावता येत नाही.

पाणभिंग

याला दुजोरा. झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण) पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, संग्रह पाहायचा असेल तर आधी पत्र लिहून जा. काही नवं वाटलं तर नमुना परदेशी तज्ज्ञाकडे परस्पर पाठवू नका. जैवविविधता कायद्याने त्याला परवानगी लागते, आणि नवीन प्रजातीचा मूळ नमुना झेडएसआयसारख्या नेमलेल्या भांडारातच ठेवावा लागतो. सध्या नराच्या सिमेंट ग्रंथीचं आणि प्रोपोडसच्या टाचेचं चित्र इथे टाका, मोजपट्टीसकट. मग प्रजातीकडे वळू.