कळव्याच्या शाळेचा प्रोजेक्टर: वर्ग मोजून आले, जरा सविस्तर लिहिते

प्रेषक: चिटणीस

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या कार्यक्रमातून उरलेले पैसे ठाण्याजवळच्या कळव्यातल्या मराठी शाळेला द्यायचे, असं सभेत ठरलंच आहे. मुख्याध्यापिका बाईंनी एका वर्गासाठी 'भिंतीवरच लिहिता येईल असा' प्रोजेक्टर मागितला आहे. इथे परदेशात सध्या दुकानांत सेल चालू आहे. तिघे-चौघे जण मे महिन्यात भारतात जाणार आहेत, त्यांच्यापैकी कोणाच्याही बॅगेत एक सहज बसेल. मला तरी हा मार्ग सोपा वाटतो. कोणाला काही सुचवायचं असल्यास रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम ठाणे

चिटणीस काका, नमस्कार.

मी महिनाभर नौपाड्यात आईकडे आहे. तुमची मेल वाचली आणि दुसऱ्याच दिवशी रिक्षाने कळव्याला गेले. बाईंनी काही बोलायच्या आधी कपाट उघडून दाखवलं. आपल्यापैकीच कोणीतरी पूर्वी बॅगेतून आणलेला प्रोजेक्टर आत होता, मूळ खोक्यासकट, वर धूळ बसू नये म्हणून धुतलेला रुमाल घातलेला. दोन वर्षं छान चालला म्हणे. मग दिवा गेला. त्या मॉडेलचा दिवा इथे कुठेच मिळेना, आणि परदेशात घेतलेल्या यंत्राची वॉरंटी इथे लागू नाही म्हणून दुरुस्तीवाल्यांनी हातच लावला नाही. त्या बाई तो रुमाल अजून धुऊन घालतात. मला फार वाईट वाटलं.

म्हणून आधीच सांगते, या वेळी बॅगेतून काही आणू नका. विजेची अडचण नसते, बहुतेक प्रोजेक्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत कशावरही चालतात. पण ऐन जुलैत बंद पडला तर बाईंनी फोन कोणाला करायचा? ठाण्यात माणूस पाठवू शकेल अशा दुकानातूनच घ्यायला हवा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल.

आता वर्ग. शिपाईमामांनी टेप धरली आणि आम्ही चौथीचा वर्ग मोजला. फळ्यापासून शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या डोळ्यापर्यंत ६ मीटर ९० सेंटिमीटर. अक्षरं वाचायची असतील तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. ८० इंची चित्राची (इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१०) उंची १०८ सेंटिमीटर, त्याची सहापट साडेसहा मीटर. थोडक्यात हुकतं. ९० इंचीची उंची १२१, म्हणजे सव्वासात मीटर. बसतं. गेल्या सभेत टीव्हीसारख्या ६५ इंची टच पॅनेलचा विषय निघाला होता. त्याची उंची जेमतेम ८१ सेंटिमीटर, म्हणजे पाच मीटरच्या पलीकडचे सगळे बाक गेले. ७५ इंचीनेसुद्धा भागत नाही. पॅनेल उजेडात फार सुंदर दिसतं हे मला मान्य आहे, पण या वर्गात बेचाळीस मुलं बसतात आणि मागची मुलं मागेच बसणार.

दुकानदार दोन यंत्रं दाखवायला घेऊन आला होता. मी बाईंना चित्रावर 'घर' आणि 'धर' असे दोन शब्द एकाखाली एक लिहायला सांगितले, आपल्या वहीत असतात तेवढे नाही, पुस्तकाचं पान उघडल्यावर पडद्यावर येतील तेवढेच. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून वाचायला लागली. चित्र ७० इंची असताना तिने दोन्ही वेळा 'घर' वाचलं. ९० इंची केल्यावर लगेच म्हणाली, 'बाई, दुसरा धर आहे.' लुमेन (यंत्राचा एकूण उजेड), पिक्सेल (चित्राचे ठिपके) सगळं कळलं, पण माझा निर्णय तिथे झाला.

पहिलं यंत्र साधं शॉर्ट-थ्रो, म्हणजे जवळून चित्र टाकणारं होतं. कागदावर 'थ्रो रेशो ०.५' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की लेन्सपासून पडद्याचं अंतर चित्राच्या रुंदीच्या निम्मं. ९० इंचीची रुंदी १९४ सेंटिमीटर, म्हणजे यंत्र भिंतीपासून जवळजवळ एक मीटरवर. बाई अपूर्णांक शिकवत होत्या. तीन चतुर्थांशातला चार सारखा त्यांच्या खांद्याच्या सावलीत जायचा, आणि मुलांकडे वळल्या की उजेड थेट डोळ्यात. दुसरं अल्ट्रा-शॉर्ट-थ्रो, म्हणजे त्याहूनही जवळून चित्र टाकणारं, फळ्याच्या वर भिंतीलाच लावायचं, अर्ध्या मीटरच्या आसपास. उजेड वरून खाली तिरका येतो, सावली पडते ती हाताच्या खाली, बाईंच्या डोळ्यात काही जात नाही. शिवाय नेहमीचा लांबचा प्रोजेक्टर इथे तीन मीटरवर टांगावा लागला असता, आणि बरोबर तिथे पंखा आहे. एप्रिलमध्ये ठाण्यात पंखा बंद करून शिकवा असं कोण सांगणार!

पण याच तिरक्या उजेडाची एक खोड आहे. भिंत जराही उंचसखल असली की सरळ रेघ नागमोडी दिसते. मी भिंतीवरून हात फिरवला, गिलावा लाटांसारखा आहे. त्यामुळे सपाट, मॅट पृष्ठभागाचा बोर्ड वेगळा घ्यावाच लागेल. गुंडाळायचा पडदा चालत नाही, वाऱ्याने हलतो. चकचकीत पांढरा बोर्डही नको, मधोमध उजेडाचा गोळा दिसतो. बोर्डाचे पैसे अंदाजपत्रकात धरलेले नाहीत, ते धरा.

आणखी एक. शाळेमागून रेल्वेचे रूळ जातात. जलद गाडी गेली की वर्गाची पार्टिशनची चार इंची भिंत थरथरते. फळा सध्या त्याच भिंतीवर आहे. बाहेरची नऊ इंची भिंत घेतली तर बाकांची दिशा फिरवावी लागेल. बाई तयार आहेत.

न्यू जर्सीच्या दादा, तू प्रोजेक्टर बसवायची हीच कामं करतोस. बोटाने चालणारं घ्यावं की पेनाने?

---

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

ताई, नऊ इंची भिंतच घे. अल्ट्रा-शॉर्ट-थ्रोमध्ये यंत्र दोन मिलिमीटर हललं तरी चित्राची खालची कड त्याच्या कितीतरी पट हलते. ब्रॅकेट बाहेर आलेला असतो, सगळा ओढा वरच्या दोन बोल्टांवर. अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) विटेत बसला पाहिजे, नुसत्या गिलाव्यात नको.

माझं मत पेनाला. बोटाच्या टचसाठी बोर्डासमोर अदृश्य लेझर किरणांचा पडदा सोडतात, अगदी काही मिलिमीटरवर. बोर्ड कडेला फुगलेला असला, साडीचा पदर लागला, माशी बसली तरी तो स्पर्श समजतो. पेनाच्या टोकाला इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा) दिवा असतो आणि प्रोजेक्टरमधला कॅमेरा तेवढाच बघतो. पेनं चार घ्या, दोन हरवतात. नेहमीच्या पेन्सिल सेलवर चालणारी बघा, ते सेल कळव्यात कुठेही मिळतील.

दिव्याचं यंत्र नको, लेझर घ्या. दोन्ही सत्रं मिळून दिवसाला पाच तास आणि वर्षाचे २२० दिवस धरले तर ११०० तास होतात. दिवा ४००० तासांचा धरला तर चार वर्षांच्या आत कपाट पुन्हा भरेल. लेझरचं आयुष्य साधारण २०,००० तास सांगतात, म्हणजे तेवढ्यानंतर उजेड निम्म्यावर येतो, यंत्र बंद पडत नाही.

आणि तीन पॅनेलवालं एलसीडी बघ, त्यात लाल, हिरव्या, निळ्या रंगाला वेगळं पॅनेल असतं. एका चिपच्या डीएलपी जातीच्या यंत्रात रंगांचं चक्र फिरतं, त्यामुळे रंगीत चित्रं पांढऱ्या पानापेक्षा बरीच अंधारी पडू शकतात, काही मुलांना नजर फिरवताना लाल-निळे पट्टेही दिसतात. एलसीडीत हवेची जाळी धुळीने भरते, खडूचा वर्ग असेल तर दर महिन्याला ब्रशने साफ करायला मामांना शिकव. ३५०० लुमेन पुरेत. ९० इंचीवर ते पसरले की दीड हजार लक्सच्या (पडद्यावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास पडतात. फळ्याजवळच्या पहिल्या खिडकीला मात्र जाड पडदा लावून घे.

एक चूक सगळेच करतात, म्हणून सांगतो. चित्र एचडीएमआय वायरने लॅपटॉपकडून प्रोजेक्टरकडे जातं, पण पेनाचं लिहिणं यूएसबीच्या वेगळ्या वायरने लॅपटॉपकडे परत येतं. साधी यूएसबी वायर पाच मीटरपर्यंतच चालते. टेबल लांब असेल तर मध्ये बूस्टर असलेली घ्यावी लागते. भिंत फोडायच्या आधी हे ठरव. चित्र दिसतं आणि पेन चालत नाही, असे किती फोन मी घेतले आहेत!

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. ओपनबोर्ड हे बोर्डावर लिहायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, फेट (PhET) या संकेतस्थळावरची विज्ञानाची प्रात्यक्षिकं मराठीतही आहेत.

---

प्रेषक: खजिनदार

सगळ्यांचं पटलं. पैशांचं एक स्पष्ट करतो, म्हणजे नंतर शाळा अडचणीत येणार नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांनी दिलेली देणगी भारतात २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली येते, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. वस्तू दिली तरी ती देणगीच. बॅगेचा मार्ग सोपा दिसतो, पण तो सोपा नाही. शाळेच्या संस्थेकडे त्या कायद्याखालची नोंदणी नाही, मी बाईंना विचारलं. भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदांनी स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत दिलेले पैसे मात्र परदेशी देणगी धरले जात नाहीत. तेव्हा या कामापुरते मंडळाचे पैसे बाजूला ठेवू आणि तसे सभासद थेट संस्थेच्या खात्यावर भरतील. बाकीच्यांचं मन मोडायचं नाही. ओपनबोर्डवर चौथीच्या गणिताचे आणि परिसर अभ्यासाचे धडे बसवायला बरेच हात लागणार आहेत.

---

प्रेषक: सभासद, सध्या मुक्काम ठाणे

खजिनदार काका, उत्तम. मी अपूर्णांकांपासून सुरुवात करते.

दुकानदाराकडून लेझर, तीन पॅनेलचं एलसीडी, पेनवालं, असं लेखी दरपत्रक मागितलं आहे. त्यात बसवण्याचा खर्च आणि वॉरंटीत माणूस शाळेत येईल की यंत्र दुकानात न्यावं लागेल, हे दोन्ही लिहून द्यायला सांगितलं. तो जरा कुरकुरला, पण देईल.

हिरवा फळा काढून टाकायचा का, असं बाईंनी विचारलं. नाही म्हटलं. नव्या बोर्डाच्या डावीकडे सरकवून लावा, वीज गेली की तोच लागणार. सुतार शनिवारी सकाळी येतोय. गवंडी त्याच्या आधी येऊन भिंतीचा ओळंबा बघेल. मी दोन्ही वेळा तिथे थांबणार आहे.